विस्मरणाचा शोध घेणारा डॉक्टर

मित्रांनो, मराठीत एक म्हण आहे : साठी बुद्धी नाठी. उर्दूतही एखादा वृद्ध माणूस काही विसरला की लोक म्हणतात, तो सठिया गया. दोन्हींचा अर्थ एकच. माणूस म्हातारा झाला की त्याची बुद्धी जाणारच, त्यात नवल काय! सव्वाशे वर्षांपूर्वी जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही असेच वाटत होते. पण जर्मनीतल्या एका डॉक्टराने या समजुतीला पहिला धक्का दिला. आठवण जाणे हा मेंदूचा रोग असू शकतो आणि त्या रोगाच्या खुणा सूक्ष्मदर्शक यंत्रातून दिसतात, हे त्याने दाखवून दिले. त्या डॉक्टराचे आडनाव आज एका रोगाचे नाव बनले आहे. त्याचे नाव अलॉइस अल्झायमर.

आपण उर्दूत ज्याला हाफिजा किंवा याददाश्त म्हणतो, त्याला मराठीत स्मृती म्हणतात. स्मृती ही केवढी मोठी दौलत आहे, हे समजण्यासाठी तुम्हांला दूर जायला नको. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथील भुईकोट किल्ला तुम्ही पाहिला असेल. १९४२ साली इंग्रज सरकारने मौलाना अबुल कलाम आझाद यांना या किल्ल्यात कैद करून ठेवले. तेथे त्यांनी जी पत्रे लिहिली, तीच पुढे गुबार-ए-खातिर या नावाने प्रसिद्ध झाली. त्या पत्रांत उर्दू आणि फारसीचे कितीतरी शेर जागोजागी आले आहेत. बंद किल्ल्यात मौलानांजवळ ग्रंथालय नव्हते, पण स्मृतीचे भांडार होते. सरकारला माणूस कैद करता आला, त्याची स्मृती कैद करता आली नाही.

आता कल्पना करा, की अशी ही दौलत रोज थोडी थोडी नाहीशी होऊ लागली तर? आधी कालची गोष्ट आठवेनाशी होते, मग घराची वाट, मग मुलांची नावे आणि शेवटी स्वतःचे नाव. या अवस्थेला मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतात. स्मृतिभ्रंशाची कारणे अनेक आहेत. त्यांतले सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे अल्झायमरचा रोग. तो ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्या माणसाची ही हकीकत आहे.

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात झाला. माइन नदीच्या काठी मार्क्टब्राइट नावाचे एक छोटे गाव आहे, तेथे. वडील एडुआर्ड हे नोटरी होते. मुलांना चांगले शिक्षण मिळावे म्हणून अलॉइसला आशाफेनबुर्ग या शहरात शिकायला ठेवले. तेथे निसर्गविज्ञान हा त्याचा आवडीचा विषय बनला. १८८३ साली शालान्त परीक्षा पास होऊन तो वैद्यकीय शिक्षणासाठी बर्लिनला गेला. पुढे वुर्झबर्ग आणि ट्यूबिंगन येथेही तो शिकला.

वुर्झबर्गला त्याला सूक्ष्मदर्शक यंत्राची गोडी लागली. १८८७ साली त्याने डॉक्टरच्या पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय ऐकून तुम्हांला हसू येईल. कानात मळ तयार करणाऱ्या ग्रंथी, हा तो विषय! पण या लहानशा कामातूनच त्याचा हात तयार झाला. शरीराच्या भागाचा कागदापेक्षाही पातळ काप कसा घ्यायचा, त्याला रंग कसा द्यायचा, यंत्राखाली जे दिसेल त्याचे चित्र हुबेहूब कसे काढायचे, हे सारे तो शिकला. मित्रांनो, विषय लहान की मोठा, हे कामाला लागण्यापूर्वी कोणालाच सांगता येत नाही.

१८८८ सालच्या डिसेंबरमध्ये अल्झायमर फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात नोकरीस लागले. तेव्हा त्यांचे वय अवघे २४ वर्षांचे होते. त्या काळात अशा इस्पितळांना लोक वेड्यांचे घर म्हणत. अनेक ठिकाणी रुग्णांना पट्ट्यांनी बांधून ठेवत, कोंडून ठेवत. फ्रँकफर्टचे मुख्य डॉक्टर एमिल सिओली यांना हे पसंत नव्हते. रुग्णाला बांधायचे नाही, त्याला मोकळे ठेवायचे, तो अस्वस्थ असेल तर कोमट पाण्याच्या टबात बसवून शांत करायचे, अशी त्यांची पद्धत होती. तरुण अल्झायमरांनी ही पद्धत मनापासून स्वीकारली. ते रुग्णांजवळ बसत, त्यांच्याशी बोलत आणि त्यांचे बोलणे लिहून ठेवत. रुग्णाचे बोलणे असंबद्ध असले तरी ते ऐकण्यासारखे असते, हा धडा त्यांना येथे मिळाला.

पुढच्याच वर्षी फ्रान्झ निस्सल नावाचा दुसरा तरुण डॉक्टर तेथे आला. दोघांची अशी मैत्री जमली की ती जन्मभर टिकली. दिवसा दोघे रुग्णांना तपासत आणि संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाशेजारी बसत.

निस्सलजवळ एक मोठी युक्ती होती. ती समजण्यासाठी तुमच्या शाळेची प्रयोगशाळा आठवा. आपला जिल्हा कांद्याचा. कांद्याचा पातळ पापुद्रा काढून तुम्ही काचपट्टीवर ठेवता. तो इतका पारदर्शक असतो की यंत्राखाली फारसे काही दिसत नाही. मग सर त्यावर आयोडीनचा एक थेंब टाकतात आणि काय आश्चर्य! विटांच्या भिंतीसारख्या पेशी आणि प्रत्येक पेशीतला केंद्रकाचा ठिपका स्पष्ट दिसू लागतो. मेंदूचेही तसेच आहे. मेंदूचा काप नुसता पाहिला तर पेशी ओळखू येत नाहीत. त्या काळी जर्मनीतल्या कारखान्यांत कापडासाठी नवे नवे रंग तयार होत होते. निस्सलने विद्यार्थी असतानाच तसला एक रंग मेंदूच्या कापाला देऊन पाहिला होता. त्या रंगाने मेंदूतील पेशी उठून दिसत. मेंदूतील या पेशींना चेतापेशी म्हणतात. आपण पाहतो, ऐकतो, बोलतो, आठवतो, ते सारे त्यांच्यामुळे. माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८६ अब्ज पेशी असतात.

दोन मित्रांनी मिळून एक निश्चय केला. रुग्ण जिवंत असताना त्याची वागणूक बारकाईने लिहून ठेवायची आणि तो वारल्यावर त्याच्या मेंदूचे काप तपासून दोन्हींचा मेळ घालायचा. आज हे साधे वाटते. पण त्या काळी मनाचे आजार हे मनाचेच, शरीराशी त्यांचा संबंध नाही, असे मानणारे पुष्कळ होते. काही जण तर रुग्णाच्या वाईट सवयींना किंवा नशिबाला दोष देऊन मोकळे होत.

१८९४ साली अल्झायमरांनी सेसिली नावाच्या एका विधवा स्त्रीशी लग्न केले. ती श्रीमंत घरची होती. त्यांना तीन मुले झाली. संसार सुखाचा चालला होता. पण १९०१ सालच्या फेब्रुवारीत सेसिली वारली. सर्वांत धाकटी मुलगी तेव्हा तान्ही होती. अल्झायमरांची बहीण मुलांना सांभाळायला आली आणि अल्झायमरांनी आपले दुःख कामात बुडवून टाकले. दिवस दिवस ते रुग्णांमध्ये राहू लागले.

त्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९०१ रोजी, इस्पितळात एक बाई दाखल झाली. तिचे नाव ऑगस्टे डेटर. वय ५१ वर्षे. तिचा नवरा कार्ल रेल्वेत कारकून होता. त्याने सांगितलेली हकीकत अशी होती. इतकी वर्षे त्यांचा संसार गुण्यागोविंदाने चालला होता. त्यांना एक मुलगी होती. ऑगस्टे घरकामात चोख होती. पण काही महिन्यांपूर्वी ती एकाएकी त्याच्यावर संशय घेऊ लागली. मग तिची आठवण कमी होऊ लागली. स्वयंपाक बिघडू लागला. घरातल्या वस्तू ती कोठेतरी लपवून ठेवी आणि नंतर त्या तिलाच सापडत नसत. कारण नसताना ती घरभर फिरत राही. बिचाऱ्या कार्लला काहीच समजेना.

दुसऱ्या दिवशी अल्झायमर तिच्या खाटेजवळ बसले. त्यांनी तिचे नाव विचारले. तिने ऑगस्टे असे सांगितले. आडनाव विचारले, तरी उत्तर ऑगस्टे. नवऱ्याचे नाव विचारले. ती थोडी गोंधळली आणि पुन्हा स्वतःचेच नाव सांगू लागली. दुपारी ती फुलकोबी खात होती. काय खाता म्हणून विचारले, तर तिने पालक सांगितले. डॉक्टरांनी पेन्सिल, किल्ली अशा वस्तू दाखवल्या. त्यांची नावे तिने बरोबर सांगितली. पण थोड्या वेळाने काय काय दाखवले होते, हे विचारल्यावर तिला काहीही आठवेना. तिला आपले नाव लिहायला सांगितले. तिने श्रीमती एवढा शब्द लिहिला आणि पुढे काय लिहायचे तेच ती विसरली. प्रत्येक शब्द तिला पुन्हा सांगावा लागला. असे लिहिता लिहिता ती म्हणे, की मी स्वतःलाच हरवून बसले आहे.

मित्रांनो, या ठिकाणी क्षणभर थांबा. ती बाई पूर्ण बेभान नव्हती. आपल्याजवळून काहीतरी जात आहे, हे तिला कळत होते. फक्त ते तिला धरून ठेवता येत नव्हते. एखाद्या घाईच्या डॉक्टराने तिला वेडी ठरवून पुढच्या रुग्णाकडे पाऊल टाकले असते. अल्झायमर तसे गेले नाहीत. दिवसांमागून दिवस ते येत, तेच तेच प्रश्न विचारत आणि प्रश्न व उत्तरे जशीच्या तशी लिहून घेत. म्हातारपणी विसरणारे रुग्ण त्यांनी पुष्कळ पाहिले होते. रक्तवाहिन्या कठीण होऊन मेंदूला रक्त कमी पडले तर काय होते, यावरही त्यांनी संशोधन केले होते. पण ही बाई म्हातारी नव्हती. साठीसुद्धा आली नव्हती, मग बुद्धी नाठी का झाली? हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

काही काळाने अल्झायमरांनी फ्रँकफर्ट सोडले. एमिल क्रेपेलिन या प्रसिद्ध मनोरोगतज्ज्ञांबरोबर ते आधी हायडेलबर्गला आणि १९०३ साली म्युनिकला गेले. तेथे सुरुवातीला त्यांना पगार नव्हता. घरची ऐपत होती म्हणून त्यांनी बिनपगारी काम पत्करले. प्रयोगशाळेचा काही खर्चही ते पदरचा करत. पण एवढ्या कामातही ते ऑगस्टेला विसरले नाहीत. ती कशी आहे, हे ते फ्रँकफर्टहून कळवून घेत.

म्युनिकची ही प्रयोगशाळा म्हणजे तरुण शास्त्रज्ञांचा एक मोठा मदरसाच होता. इटली, स्पेन, अमेरिका अशा देशांतून विद्यार्थी तेथे येत. त्यांत सॉलोमन फुलर नावाचा एक काळा डॉक्टर होता. त्याचा जन्म आफ्रिकेतील लायबेरिया देशात झाला होता. त्याच्या आजोबांनी अमेरिकेत गुलामी भोगली होती. अमेरिकेतील कितीतरी गोऱ्यांना काळ्या माणसाबरोबर एका मेजावर बसणे मान्य नव्हते, अशा त्या काळात हा गुलामाचा नातू अल्झायमरांच्या हाताखाली शिकला. पुढे अमेरिकेत परतल्यावर त्याने या रोगावर महत्त्वाचे लेखन केले.

अल्झायमर शिकवत कसे, याची एक गमतीदार गोष्ट सांगतात. ते प्रत्येक विद्यार्थ्याच्या शेजारी बसत, त्याच्या यंत्रातून पाहत आणि शांतपणे समजावून सांगत. त्यांना चिरूट ओढण्याची सवय होती. समजावून सांगताना ते हातातला चिरूट मेजावर ठेवत आणि तेथेच विसरून पुढच्या विद्यार्थ्याकडे जात. तेथे नवा चिरूट पेटे. संध्याकाळी पाहावे तर प्रत्येक मेजावर एक एक थोटूक! विस्मरणाचा शोध घेणारा डॉक्टर स्वतः असा विसरभोळा होता. पण हे विसरणे वेगळे. एका कामात मन गुंतले की दुसरी गोष्ट ध्यानात राहत नाही. हा काही रोग नव्हे. तुम्ही वही घरी विसरता तेव्हा घाबरून जायचे कारण नाही!

८ एप्रिल १९०६ रोजी ऑगस्टे डेटर फ्रँकफर्टच्या इस्पितळात वारली. शेवटच्या काळात ती अंथरुणाला खिळली होती. बोलणेही बंद झाले होते. सिओलींनी तिचे सर्व कागद आणि तिचा मेंदू तपासणीसाठी म्युनिकला पाठवला. आता ज्या प्रश्नाने अल्झायमरांना साडेचार वर्षे सतावले होते, त्याचे उत्तर शोधण्याची वेळ आली.

मेंदू नेहमीपेक्षा आकसलेला होता. अल्झायमरांनी त्याचे पातळ काप केले. या वेळी त्यांनी बिल्शोव्स्की या शास्त्रज्ञाची नवी रीत वापरली. तिच्यात रंगाऐवजी चांदीच्या क्षाराचा उपयोग करतात. जुन्या काळी फोटोच्या फिल्मवर चित्र उमटे, तेही चांदीच्याच क्षारामुळे. चांदीने काळे झालेले ते काप त्यांनी यंत्राखाली धरले, तेव्हा त्यांना दोन गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट पेशींच्या आत होती. निरोगी चेतापेशीत अतिशय बारीक तंतू असतात. येथे ते तंतू जाड होऊन एकमेकांत गुरफटले होते. मागावरचे सूत गुंतून त्याचा गोळा व्हावा, तसे. मेंदूच्या बाहेरच्या थरातील जवळजवळ पाव ते एकतृतीयांश पेशींत असे गुंते होते. कित्येक ठिकाणी तर पेशी मरून गेली होती आणि मागे नुसता गुंता उरला होता. घर पडून जावे आणि अंगणात फक्त खांब उभे राहावेत, असे ते दृश्य होते.

दुसरी गोष्ट पेशींच्या बाहेर होती. तेथे कसल्यातरी अनोळखी पदार्थाचे ठिपके साचले होते. अल्झायमरांनी त्यांच्यासाठी जो वैद्यकीय शब्द वापरला, त्याचा मूळ अर्थ बाजरीसारख्या बारीक दाण्याएवढा असा आहे. प्रत्यक्षात ते ठिपके बाजरीच्या दाण्यापेक्षाही खूप लहान, यंत्राशिवाय न दिसणारे असतात. आपल्या बाजरी पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या मुलांना हा शब्द लक्षात ठेवणे अवघड जाऊ नये. पेशींतले गुंते आणि पेशींबाहेरचे ठिपके, या रोगाच्या या दोन खुणा आजही डॉक्टर मानतात.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगन येथे मनोरोगतज्ज्ञांची एक सभा होती. अल्झायमर ज्या शहरात कधी विद्यार्थी होते, तेथेच ते आपला शोध सांगायला उभे राहिले. त्यांनी ऑगस्टेची हकीकत सांगितली, कापांची चित्रे दाखवली. भाषण संपले. अध्यक्षांनी कोणाला काही विचारायचे आहे का, असे पाहिले. कोणीही हात वर केला नाही. सभा पुढच्या विषयाकडे वळली. नंतरच्या व्याख्यानांवर चर्चा रंगली, पण अल्झायमरांच्या भाषणावर एकही प्रश्न आला नाही. पुढच्या वर्षी त्यांचा जो लेख छापला गेला, तोही अगदी थोड्या पानांचा होता.

तुमच्यापैकी कितीतरी जण वर्गात चांगले उत्तर देतात आणि कोणी शाबास म्हटले नाही की खट्टू होतात. अल्झायमरही निराश झाले असतील. पण ते थांबले नाहीत. त्यांनी असेच आणखी रुग्ण शोधले. गाएतानो पेरुसिनी या तरुण इटालियन विद्यार्थ्याला त्यांनी ऑगस्टेसह चार रुग्णांचा सविस्तर अभ्यास करायला लावले. त्याचा लेख १९०९ साली आला. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत या आजाराला अल्झायमरचा रोग असे नाव दिले. ज्या शोधाला सभेत कोणी विचारले नाही, तो पाठ्यपुस्तकात जाऊन बसला.

१९१२ साली अल्झायमर ब्रेस्लाऊ विद्यापीठात प्राध्यापक म्हणून नेमले गेले. हे शहर आज पोलंड देशात आहे. तेथे जाताना रेल्वेच्या प्रवासातच ते आजारी पडले. घशाचा आजार हृदयापर्यंत पोचला. त्यातून ते पुरते बरे कधी झालेच नाहीत, तरी काम करत राहिले. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. त्या युद्धात इंग्रजांनी पकडलेले कितीतरी जर्मन आपल्या अहमदनगरच्या छावणीत ठेवले होते. तिकडे युरोपात जखमींची सेवा करता करता पेरुसिनी १९१५ साली मरण पावला. त्याच महिन्यात, १९ डिसेंबर १९१५ रोजी, अल्झायमरही वारले. इस्पितळात आली तेव्हा ऑगस्टेचे वय ५१ वर्षे होते. अल्झायमरांनाही ५१ वर्षांचेच आयुष्य मिळाले. फ्रँकफर्टच्या कबरस्तानात सेसिलीच्या शेजारी त्यांना दफन करण्यात आले.

त्यांच्यानंतर बरीच वर्षे हा रोग फार दुर्मिळ आणि फक्त मध्यमवयीन माणसांचा मानला गेला. म्हाताऱ्यांचे विसरणे हे मात्र वयाचेच, ही समजूत कायम राहिली. १९६८ साली इंग्लंडमधील काही डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचे मेंदू तपासले. त्यांतही पुष्कळदा तेच गुंते आणि तेच ठिपके दिसले! म्हणजे साठीपूर्वीचा आणि साठीनंतरचा रोग मुळात एकच होता. घरोघरच्या ज्या आजी-आजोबांना लोक हसत होते, ते आजारी होते.

मग पुढच्या शास्त्रज्ञांनी आणखी खोल पाहिले. अल्झायमरांनी पेशी पाहिल्या, त्यांनी पेशींतले रेणू तपासले. १९८४ साली अमेरिकेत ग्लेनर आणि वाँग या दोघांनी रुग्णांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांतून एक छोटे प्रथिन वेगळे काढले. त्याला बीटा-अमायलॉइड म्हणतात. अल्झायमरांच्या बाजरीएवढ्या ठिपक्यांतही तेच प्रथिन असते. चेतापेशीच्या पृष्ठभागावर एक लांब प्रथिन असते. ते चुकीच्या जागी कापले गेले की हा तुकडा सुटतो आणि असे तुकडे एकमेकांना चिकटत जातात. १९८६ साली खालिद इक्बाल आणि त्यांच्या पत्नी इंगे यांनी अमेरिकेत गुंत्यांचा उलगडा केला. पेशीत टाऊ नावाचे एक प्रथिन असते. पेशीत सामान वाहून नेणारे जे मार्ग असतात, त्यांना ते आधार देते. या रोगात टाऊला फॉस्फेटचे कण गरजेपेक्षा जास्त चिकटतात. मग ते मार्गांवरून सुटते आणि एकमेकांत गुरफटते. मार्ग ढासळतात आणि पेशी मरते.

१९९५ साली फ्रँकफर्टमध्ये ऑगस्टेची जुनी फाइल पुन्हा सापडली. तिच्यात अल्झायमरांच्या हातची प्रश्नोत्तरे होती आणि ऑगस्टेने अर्धवट लिहिलेले तिचे नावही होते. जी बाई स्वतःचे नाव विसरली, तिचे नाव आता जगातले डॉक्टर विसरणार नाहीत.

या रोगावर पूर्ण बरे करणारे औषध अजून मिळालेले नाही. बीटा-अमायलॉइड काढून टाकणारे लेकॅनेमॅब हे औषध २०२३ साली अमेरिकेत पूर्णपणे मंजूर झाले. पण त्याने सुरुवातीच्या अवस्थेतील रोग थोडा मंदावतो, थांबत नाही. ठिपके आधी की गुंते आधी, त्यांची सुरुवात नेमकी कशाने होते, यावर आजही तरुण शास्त्रज्ञ काम करत आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांतले कितीतरी आपल्यासारख्याच गावांत आणि मोहल्ल्यांत राहतात.

म्हणून मित्रांनो, शास्त्रज्ञ होण्यापूर्वीही तुम्हांला एक काम करता येईल. तुमच्या घरी दादीजान एकच गोष्ट दहादा विचारत असतील, तर दहाव्यांदाही पहिल्यासारखेच उत्तर द्या. नानाजान तुमचे नाव विसरले, तर हसू नका. जवळ बसा आणि आपले नाव सांगा. ते बाहेर जाताना त्यांच्या खिशात घरचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आणि अब्बांना सांगून त्यांना डॉक्टरांकडे न्या. कारण शरीरात एखादे जीवनसत्त्व कमी पडल्याने किंवा थायरॉइडच्या बिघाडानेही आठवण कमी होते आणि असे विसरणे औषधाने सुधारू शकते. म्हातारपण म्हणून घरी बसवून ठेवले, तर ती संधी जाते.

सूक्ष्मदर्शक हाती धरण्यापूर्वी अल्झायमर रुग्णाच्या खाटेजवळ बसले होते. त्यांचा शोध तेथून सुरू झाला. तेवढे तर आपल्यालाही करता येईल.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अल्झायमर यांचा जन्म कोठे व केव्हा झाला?
(आ) ऑगस्टे डेटरचा नवरा काय काम करत होता?
(इ) या रोगाला अल्झायमरचे नाव कोणी दिले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) निस्सलची युक्ती कांद्याच्या पापुद्र्याच्या उदाहरणाने समजावून सांगा.
(आ) ऑगस्टेच्या मेंदूत अल्झायमरांना कोणत्या दोन गोष्टी दिसल्या?
(इ) ट्यूबिंगनच्या सभेत काय घडले? त्यानंतर अल्झायमरांनी काय केले?

३. साठी बुद्धी नाठी ही म्हण तुम्हांला पटते का? पाठाच्या आधारे आपले मत लिहा.

४. पुढील शब्दांसाठी उर्दू शब्द शोधा : स्मृती, विस्मरण, रुग्ण, संशोधन, समजूत.

५. तुमच्या ओळखीच्या एका वृद्ध व्यक्तीजवळ अर्धा तास बसा. त्यांनी सांगितलेली एक जुनी आठवण मराठीत दहा ओळींत लिहा.